रेडिओ-आधारित गाडी नियंत्रण, मुंबई

रुळांलगतच्या सिग्नलांऐवजी रेडिओ संदेशांच्या आधारे दोन गाड्यांमधले अंतर राखण्याची पद्धत. ‘कम्युनिकेशन बेस्ड ट्रेन कंट्रोल’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ती सीबीटीसी म्हणून ओळखली जाते. मुंबईत मेट्रोच्या २ए, ७ आणि ३ या मार्गिका पहिल्यापासूनच या पद्धतीवर उभारल्या गेल्या. मोनोरेलवर ती मागाहून बसवण्याचे काम २०२५ मध्ये हाती घेण्यात आले. उपनगरी लोकलसाठी तिची योजना २०१९ मध्ये मंजूर झाली आणि पुढे तिने वेगळे वळण घेतले. कोऱ्या मार्गावर ही यंत्रणा उभारणे आणि रोज लाखो माणसे वाहणाऱ्या मार्गावर ती चढवणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लोकल आजही स्वयंचलित रंगीत सिग्नलांवर धावते. असे सिग्नल भारतात पहिल्यांदा १९२८ मध्ये मुंबईतच, तेव्हाच्या व्हीटी ते भायखळा या टप्प्यात लागले. मार्गाचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडलेले असतात. त्यांना ब्लॉक म्हणतात. ब्लॉकमध्ये गाडी शिरली की रुळांतून खेळणारा बारीक विद्युतप्रवाह तिच्या चाकांवाटे एका रुळातून दुसऱ्या रुळात वळतो आणि त्या ब्लॉकच्या तोंडाशी असलेला सिग्नल लाल होतो. त्याच्या मागचा पिवळा, त्याच्या मागचा दुहेरी पिवळा, मग हिरवा. पुढची गाडी नेमकी कुठे आहे हे मोटरमनला कळत नाही, रंग तेवढा कळतो. गाडीचे शेपूट बाहेर पडेपर्यंत अख्खा ब्लॉक अडलेला राहतो, मग ती गाडी ब्लॉकच्या सुरुवातीला असो की शेवटाला.

या रचनेची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. शीव, कुर्ला, मशीद या सखल भागांत रूळ पाण्याखाली गेले की प्रवाह पाण्यावाटे निसटतो. यंत्रणेला वाटते की इथे गाडी उभी आहे, आणि सिग्नल लाल होतो. शंका आली की थांबवायचे, हे सिग्नल यंत्रणेचे मूळ तत्त्व असल्याने हा लाल दिवा बरोबरच असतो. लाल स्वयंचलित सिग्नलपाशी मोटरमनने दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटे थांबायचे आणि मग अगदी सावकाश पुढे जायचे, असा नियम आहे. असे चार-पाच सिग्नल ओळीने लागले की ठाणे-डोंबिवलीच्या फलाटांवर ‘सिग्नल यंत्रणेतील बिघाडामुळे’ अशी उद्घोषणा सुरू होते.

सीबीटीसीत गाडी स्वतःची जागा स्वतःच मोजते. रुळांच्या मध्ये ठराविक अंतरावर टॅग बसवलेले असतात. त्यांवरून जाताना गाडीला आपला नेमका ठावठिकाणा कळतो, आणि पुढचा टॅग येईपर्यंत चाकांचे फेरे मोजून ती हिशेब ठेवते. ही माहिती सतत रेडिओवरून मार्गालगतच्या संगणकाकडे जाते. तो संगणक मागच्या गाडीला सांगतो की तुला अमुक ठिकाणापर्यंत यायची मुभा आहे. ती मर्यादा पुढच्या गाडीच्या शेपटाबरोबर पुढे सरकत राहते, म्हणून या रचनेला सरकता ब्लॉक म्हणतात. गाडीतला संगणक दर क्षणी वेग आणि थांबायला लागणारे अंतर ताडून पाहतो आणि मर्यादा ओलांडली जाईलसे दिसले तर स्वतः ब्रेक लावतो. मुंबईच्या लोकलमध्ये लाल सिग्नल ओलांडल्यावर ब्रेक लावणारी एडब्ल्यूएस यंत्रणा आधीपासून आहे, पण ती सिग्नलपाशी आल्यावरच गाडीशी बोलते. दोन सिग्नलांच्या मधल्या टप्प्यात ती गप्प असते.

गाडीची जागा कळण्यासाठी रुळांतला प्रवाह लागत नसल्याने पावसातले खोटे लाल सिग्नल या पद्धतीत कमी होतात. तरीही सीबीटीसी आली की पावसात लोकल थांबणारच नाही, हा समज अर्धाच खरा आहे. गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी सांध्यांची यंत्रे जमिनीलगतच असतात, आणि पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की गाडीच्या मोटारी वाचवण्यासाठी वाहतूक बंद ठेवावीच लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसल्या दिवशी कोणतीच सिग्नल यंत्रणा गाडी चालवू शकत नाही.

खरा लाभ सेकंदांचा आहे. दोन गाड्यांमध्ये १८० सेकंद असतील तर एका मार्गावर तासाला २० गाड्या सुटतात. १५० सेकंदांना २४ आणि १२० सेकंदांना ३०. गर्दीच्या वेळी तासाला दहा गाड्या वाढणे म्हणजे काय, हे दादरच्या पुलावर सकाळी नऊला उभ्या राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पण हा हिशेब फलाटावर येऊन अडतो. दादरला तीस सेकंदांचा थांबा पन्नासवर गेला, तर सिग्नलने वाचवलेले वीस सेकंद तिथेच संपतात, आणि मागची गाडी माटुंग्याच्या अलीकडे उभी राहते.

अखेरच्या स्थानकांचे गणित याहून कठीण आहे. चर्चगेटला चारच फलाट आहेत. धिम्या आणि जलद अशा दोन्ही मार्गांवर दर दोन मिनिटांनी एकेक गाडी आणायची म्हटले, तर प्रत्येक फलाटाला गाडी आत घेणे, रिकामी करणे, भरणे आणि बाहेर काढणे यासाठी अवघी चार मिनिटे उरतात. बारा डब्यांची गाडी अडीचशे मीटर लांब. ज्या मोटरमनने ती आणली त्यानेच दुसऱ्या टोकाला चालत जाऊन ती परत नेणे या वेळात बसत नाही. परतीचा मोटरमन तिथे आधीच तयार लागतो. लोकलच्या आधुनिकीकरणाची चर्चा बहुतेक वेळा रेडिओ आणि संगणकांभोवती फिरते. फलाट, पूल आणि दरवाजे यांच्याकडे तितकेच लक्ष गेल्याशिवाय वाचलेले सेकंद प्रवाशाच्या पदरात पडत नाहीत.

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा ३अ हा टप्पा मार्च २०१९ मध्ये ३३,६९० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजूर झाला. त्यात सीएसएमटी–कल्याण, सीएसएमटी–पनवेल आणि चर्चगेट–विरार या तीन मार्गांवर सीबीटीसी बसवण्यासाठी ५,९२८ कोटी रुपयांची तरतूद होती. अडचण मिश्र वाहतुकीची होती. कल्याण आणि विरारच्या मार्गांवर लोकलबरोबर देशभरातून येणाऱ्या मेल-एक्स्प्रेस धावतात. वाराणसी किंवा चेन्नईहून आलेल्या इंजिनात मुंबईची यंत्रणा नसेल, तर त्या गाडीसाठी जुने सिग्नलही जिवंत ठेवावे लागतात आणि सरकत्या ब्लॉकचा फायदा तिथे आटतो. पाचव्या-सहाव्या मार्गिका टाकून लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या काढणे हा यावरचा मूळ उपाय. ठाणे–दिवा टप्प्यात त्या २०२२ मध्ये सुरू झाल्या. पुढे रेल्वेचा कल ‘कवच’कडे वळला. जुलै २०२० मध्ये राष्ट्रीय गाडी संरक्षण यंत्रणा म्हणून स्वीकारलेले कवचही रुळांतले टॅग आणि रेडिओ यांवरच चालते, पण मूळात ते टक्कर टाळण्यासाठी घडवलेले आहे, गाड्या जवळ आणण्यासाठी नव्हे. म्हणून उपनगरी वाहतुकीसाठी त्याची कवच ५.० ही आवृत्ती विकसित करण्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.

मेट्रोला यांतले काहीच भोगावे लागले नाही. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी ‘मार्गिका ३’ ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुली झाली. तिथे सगळ्या गाड्या एकसारख्या, फलाटाला काचेचे दरवाजे, आणि त्या रुळांवर दुसरे कोणी येत नाही.

मोनोरेलचे प्रकरण तांत्रिकदृष्ट्या सर्वांत बोलके आहे. तिची रबरी चाके काँक्रीटच्या तुळईवर धावतात. रूळच नसल्याने रुळांतल्या प्रवाहाने गाडी ओळखण्याचा मार्ग तिला मुळातच बंद आहे. २० सप्टेंबर २०२५ पासून चेंबूर–संत गाडगे महाराज चौक ही सेवा थांबवून नव्या गाड्या आणि सीबीटीसी बसवण्याचे काम हाती घेण्यात आले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने दिलेल्या माहितीनुसार त्यासाठी २६० वाय-फाय संपर्कबिंदू, ५०० टॅग आणि गाडी ओळखणाऱ्या ९० यंत्रणा लागतात, आणि उद्दिष्ट पंधरा मिनिटांची वारंवारिता पाच मिनिटांवर आणण्याचे आहे.

सेवा पूर्ण थांबवून काम करण्याची मुभा मोनोरेलला मिळाली. लोकलला ती कधीच मिळणार नाही. तिच्या वाट्याला मध्यरात्रीनंतरचे तीन-चार तास आणि रविवारचे मेगाब्लॉक, म्हणजे कामासाठी वाहतूक बंद ठेवण्याचे तास, येतात. अशाच तुकड्यांतून लोकलची वीज १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर नेली गेली. पश्चिम मार्गावर ते काम २०१२ मध्ये, मध्यच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर २०१६ मध्ये संपले. दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या आधी आणल्या गेल्या, म्हणून ते बदलताना सेवा चालू राहिली. नियंत्रण बदलतानाही हाच क्रम पाळावा लागतो. आधी एकेक रेक, म्हणजे डब्यांची अख्खी गाडी, कारशेडमध्ये नेऊन उपकरणे बसवायची, मग नवी यंत्रणा नुसतीच ऐकत ठेवून तिचे उत्तर जुन्या सिग्नलशी महिनोन्‌महिने ताडून पाहायचे, आणि सगळे रेक तयार झाल्यावरच गाडीचा ताबा तिच्याकडे द्यायचा. तोवर मोटरमनच्या समोर केबिनमधला पडदा आणि काचेबाहेरचा दिवा असे दोन्ही असतात, आणि आदेश दिव्याचा चालतो.