पार्श्वभूमी : क्लच गेला, त्याबरोबर काय गेले?

पार्किंगमध्ये सावकाश शिरणारी गाडी अचानक उसळते आणि समोरच्या दुकानाच्या शटरवर आदळते. चालक शपथेवर सांगतो, ‘ब्रेकवरच पाय होता, गाडी थांबेचना.’ दुसऱ्या दिवशी पेपरात ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ एवढेच छापून येते. मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतात, आणि ब्रेक ठीक निघाले की खापर चालकावर फुटते. अमेरिकेत या प्रकारावरून चाळीस वर्षे भांडण चालू आहे. सातारा-सांगलीकडे ते आता कुठे पोचते आहे. उशीर झाला तो डाव्या पायाखालच्या क्लचमुळे.

वडापच्या, म्हणजे गावोगाव प्रवासी नेणाऱ्या खासगी, जुन्या जीपमध्ये रेस अडकणे ही नवलाची गोष्ट नव्हती. ॲक्सिलरेटरची केबल पावसाळ्यात गंजायची, आतली तार उसवून कवचात अडकायची, परतीची स्प्रिंग ढिली पडायची. पाय उचलला तरी इंजिन ओरडत राही. ड्रायव्हर क्लच दाबून गाडी कडेला घेई, नाहीतर चपलेच्या टोकाने पॅडल वर ओढी आणि पुढे निघे. क्लच दाबला की इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जातच नाही. शिवाय थांबताना क्लच आणि ब्रेक जोडीने दाबायची सवय पायांत मुरलेली असते. उजवा पाय चुकून ॲक्सिलरेटरवर पडला तरी डावा क्लचवर असतोच. नुसता आवाज होतो, लोक वळून बघतात, चालक ओशाळतो. चूक तीच, पण ती कुणाच्या अंगावर जात नाही.

अमेरिकेत हे कवच लवकर गेले. जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबाईलला ‘हायड्रामॅटिक’ हा क्लचचे पॅडल नसलेला, गिअर आपोआप बदलणारा गिअरबॉक्स दिला आणि पुढच्या काही दशकांत तिथल्या बहुसंख्य गाड्या दोन पॅडलच्या, म्हणजे फक्त ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या झाल्या. वाद पेटला तो 1980 च्या दशकात, ऑडी 5000 वरून. ‘पार्क’मधून (उभी गाडी जागेवर धरून ठेवणाऱ्या स्थितीतून) गिअर काढताच गाडी उसळते, अशा तक्रारींचा ढीग साचला. माणसे दगावली. 23 नोव्हेंबर 1986 रोजी सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमाने ॲक्सिलरेटरचे पॅडल आपोआप खाली जाताना दाखवले. त्या गाडीच्या गिअरबॉक्सला छिद्र पाडून बाहेरून दाबाची हवा सोडली होती, हे नंतर कळले. प्रात्यक्षिक बनावट होते, फटका मात्र खरा बसला: अमेरिकेत 1985 मध्ये 74 हजारांच्या आसपास खपलेल्या ऑडी 1991 मध्ये 12 हजारांवर आल्या.

1989 मध्ये अमेरिकी सरकारचा अहवाल आला. बहुतेक प्रकरणांत पाय चुकीच्या पॅडलवर पडला होता, असा त्याचा निष्कर्ष. पण गाडीलाही त्याने मोकळे सोडले नाही. पॅडलची मांडणी चुकीला वाव देणारी होती, आणि उभ्या गाडीची रेस सांभाळणारा भाग बिघडला की गाडीला छोटा झटका बसे. तेवढ्यानेही माणूस दचकतो.

पाय चुकला हे चालकाला कळत कसे नाही? मानसशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट यांनी त्याच वर्षी याचा खुलासा मांडला. मेंदूने ब्रेकच निवडलेला असतो. पाय मात्र थोडा उजवीकडे पडतो. खाली कुणी बघत नाही. गाडी उसळली की ‘ब्रेक लागत नाही’ असे वाटून माणूस तेच पॅडल आणखी जोरात दाबतो. रिव्हर्स घेताना मान-कंबर वळते तेव्हा पाय सरकण्याची शक्यता वाढते. म्हणजे ‘ब्रेकच दाबला होता’ म्हणणारा खोटारडा नसतो. ऑडीने ब्रेक दाबल्याशिवाय गिअर ‘पार्क’मधून निघणारच नाही अशी सोय केली आणि तक्रारी घटल्या. दोष पायाचा ठरला, उपाय गाडीत सापडला. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

टोयोटाचे प्रकरण जास्त गुंत्याचे. 28 ऑगस्ट 2009 रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका लेक्सस (टोयोटाचाच ब्रँड) गाडीत चौघांचा मृत्यू झाला; चालवणारा हायवे पोलिसात होता, म्हणजे नवशिका नव्हे. दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट पॅडलला अडकली होती. धावती गाडी बंद करायला बटण सलग तीन सेकंद दाबून धरावे लागे. त्या घटकेला हे कुणाला सुचणार? कंपनीने मॅटसाठी सुमारे 38 लाख आणि अडकणाऱ्या पॅडलसाठी सुमारे 23 लाख गाड्या परत बोलावल्या. इलेक्ट्रॉनिक दोष आहे का, हे शोधायला ‘नासा’चे इंजिनिअर बसले, फेब्रुवारी 2011 मध्ये त्यांनी तसा पुरावा मिळाला नसल्याचे सांगितले. तरी ऑक्टोबर 2013 मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीने एका खटल्यात सॉफ्टवेअर तज्ज्ञाची साक्ष ऐकून कंपनीविरुद्ध कौल दिला. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल 2014 मध्ये कंपनीने 120 कोटी डॉलर भरले, ते वेगळेच.

मॅटची गोष्ट आपल्याला परकी नाही. साताऱ्यात नवी गाडी घरी आली की कंपनीच्या मॅटवर जाड ‘सेव्हन-डी’ मॅट चढते, पावसाळ्यात त्यावर वर्तमानपत्र. सीटखाली पाण्याची बाटली असतेच. पसरणी घाटाच्या उतारावर ती गडगडत ब्रेकच्या पॅडलखाली येते. कंपनीची मॅट जमिनीवरच्या हुकात अडकवलेली असते, ती सरकून पॅडलला अडकू नये म्हणूनच.

आपल्याकडे दोन पॅडलची गाडी मध्यमवर्गाच्या दारात आली ती 2014 मध्ये, मारुती सेलेरिओबरोबर. या एएमटीत (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचाच, फक्त तो दाबायचे काम यंत्राकडे गेले. किंमत आवाक्यात, मायलेज जवळपास तेच. गुडघे दुखणाऱ्यांना आणि कासच्या हंगामात यवतेश्वर घाटात रांगेत अडकणाऱ्यांना ती आवडली नसती तरच नवल. वीसेक वर्षे क्लच मारलेला डावा पाय मात्र लगेच विसरत नाही. दचकला की तो क्लच शोधतो, आणि तिथे आता ब्रेकचे रुंद पॅडल असते, नाहीतर काहीच नसते. 9 डिसेंबर 2024 रोजी कुर्ल्यात बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसून बळी गेले, तेव्हाही क्लचच्या गाड्यांची सवय असलेल्या चालकाला नव्या बसचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते का, हाच प्रश्न पुढे आला.

गाडी खरोखर पळत सुटली तर ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबून धरायचा. पंप करायचा नाही, म्हणजे सोडून पुन्हापुन्हा दाबायचा नाही. पूर्ण रेसवर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पॅडल दगडासारखे होते. लगेच न्यूट्रल. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्यावे. चावी पूर्ण फिरवून काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होते.

जपानमध्ये एप्रिल 2019 मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात 87 वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली आई आणि लहान मुलगी गेली. त्यानेही गाडीलाच दोष दिला. कोर्टाने तो मानला नाही. आता तिथे सप्टेंबर 2028 पासून नव्या ऑटोमॅटिक मोटारींत, समोर अडथळा असताना ॲक्सिलरेटर जोरात दाबला गेला तर गाडीला रोखणारी यंत्रणा बंधनकारक होणार आहे. आपल्या कायद्यात दुचाकीच्या परवान्यात गिअरची आणि बिनगिअरची असा फरक आहे, मोटारीच्या परवान्यात नाही. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी क्लचची, आरटीओची चाचणी तिच्यावरच, आणि घरी येणारी पहिली गाडी दोन पॅडलची. डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममध्ये हार, पेढे, फोटो आणि मोबाइल जोडून देणे यात अर्धा तास सहज जातो. डावा पाय कुठे ठेवायचा, हे क्वचितच कुणी सांगते.