फूल तहानलंय का म्हातारं झालंय? आधी ते बघा, मग साखर घाला

सत्काराचा बुके घरी आला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यातल्या निम्म्या गुलाबांनी मान टाकलेली असते, आणि मग घरातलं प्रत्येक जण एकेक उपाय सांगायला लागतं, कुणी म्हणतं साखर घाल, कुणी ॲस्पिरिन, कुणी म्हणतं पाण्यात पैसा टाक, कुणी सरळ उचलून फ्रिजमधे ठेवतं. यातले काही उपाय खरंच चालतात, पण भलत्याच फुलावर केले तर उलटतात. कारण फुलदाणीतलं फूल दोन कारणांनी जातं, एक तहान आणि दुसरं वय. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. तहानलेलं फूल परत उभं राहतं, वय झालेलं राहत नाही, आणि एकासाठी घातलेली साखर दुसऱ्याचा जीव घेते.

आधी तहान, कारण आपल्या सोलापुरात दहातली बहुतेक फुलं हिच्यामुळंच जातात असं माझं मत आहे. फुलाचा दांडा कापला की आतल्या बारीक नळ्यांमधे कापलेल्या टोकाकडनं हवा शिरते, आणि दुकानापासून घरापर्यंत गाडीच्या हुकाला पिशवी लटकवून भर उन्हातनं आणलं म्हणजे पाकळ्या-पानांतनं पाणी उडतच राहतं आणि नळ्यांमधे अजून हवा ओढली जाते. मग घरी येऊन तुम्ही तांब्याभर पाण्यात दांडा बुडवला तरी पाणी वर चढत नाही, फुगे अडकलेल्या स्ट्रॉसारखं होतं. म्हणून पहिलं काम काय, तर दांड्याचं खालचं टोक एक-दीड इंच परत कापायचं, जमलं तर बादलीत दांडा पाण्याखाली धरून. कात्रीनं दांडा चेचतो, त्यापेक्षा धारदार सुरी घ्या. तिरकं कापायचा खरा फायदा एवढाच की टोक फुलदाणीच्या तळाला सपाट टेकून बंद होत नाही.

तहानेचंच दुसरं कारण बॅक्टेरिया. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं घरोघरी बॅरल नाहीतर हौद भरलेला असतो, आणि साठवून ठेवलेल्या पाण्यातलं क्लोरिन दोन-तीन दिवसांत उडून जातं. फुलदाणीत तेच पाणी, त्यात बुडालेली पानं कुजायला लागलेली, वरनं गेल्या वेळचा चिकट थर आतनं तसाच, मग ते बॅक्टेरिया दांड्याच्या तोंडाशीच जमतात आणि नळ्या बुजवून टाकतात. पाण्याला वास यायलाय आणि दांडा हाताला बुळबुळीत लागायलाय म्हणजे हेच झालंय. जरबेऱ्याचं तर विचारूच नका, त्याचा दांडा मऊ, लव असलेला आणि वरच्या बाजूला पोकळ, जास्त पाण्यात उभा केला की खालनं सडतो. त्याला दोन-तीन इंच पाणी बास, फक्त ते रोज बदला. गुलाबाला मात्र भरपूर पाणी चालतं.

ओळखायचं कसं? तहानलेल्या फुलाची मान फुलाच्या अगदी खाली वाकते, पण पाकळ्यांचा रंग तसाच ताजा असतो, पानंही सोबत लोंबतात, आणि हे सगळं अचानक होतं, सकाळी ठीक होतं आणि दुपारी मान खाली. कळी अजून उमललीच नाही आणि मान टाकली तर शंभर टक्के तहान समजा. अशा गुलाबाला साखर देऊन उपयोग नाही, नुसती साखर म्हणजे बॅक्टेरियांना जेवण. त्याला परत कापा, खालची पानं काढा, मान सरळ राहील असं कागदात घट्ट गुंडाळा आणि कोमट पाण्यात गळ्यापर्यंत तासभर उभं करा, नाहीतर टबात आख्खं आडवं बुडवून ठेवा. (मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी मात्र घेऊ नका, ते कोमट नसतं, चहा होतो त्यात.) बरेचसे गुलाब उठतात. दोनदा करून उठला नाही तर सोडून द्या.

बुकेतला तो हिरवा स्पंज पण बघून ठेवा. तो एकदा वाळला की वरनं ओतलेलं पाणी नीट धरत नाही, नुसतं कडेनं ओघळून जातं आणि फुलं कोरड्या भोकात उभी राहतात. घरी आल्या आल्या फुलं उपसून, कापून, फुलदाणीत घाला, प्लॅस्टिकचं वेष्टन तर दारातच काढा. आणि पंख्याखाली ठेवू नका. उन्हाळ्यात आपली हवा एवढी कोरडी असते की पाणी वर चढतं त्यापेक्षा जास्त उडून जातं, पंखा त्यात भरच घालतो.

आता वय. इथं पाणी नीट चढत असतं, दांडा ताठ, पान ताठ, पण फूल आतनं संपत आलेलं असतं. बाहेरच्या पाकळ्या आधी सैल पडतात, कडा पातळ होऊन तपकिरी होतात, हात लावला की पाकळी गळते. लाल गुलाब जांभळट पडायला लागला तर ते वयाचंच, पाकळीतली आम्लता कमी होते म्हणून तो रंग बदलतो. याला कितीही परत कापा, तरुण होणार नाही. इथं फक्त वेग कमी करता येतो, आणि तो वेग दोन गोष्टींवर चालतो, गरमी आणि इथिलिन.

गरमीचं सोपं आहे, तापमान दहा डिग्रीनं वाढलं की फुलाचा श्वास साधारण दुप्पट-तिप्पट वाढतो आणि साठवलेली साखर तेवढ्याच वेगानं जळते. म्हणून रात्री फुलदाणी उचलून घरातल्या सगळ्यात गार खोलीत फरशीवर ठेवली तरी फरक पडतो.

इथिलिन म्हणजे पिकणारं फळ सोडतं तो गॅस. पूर्वी युरोपात रस्त्यावरच्या दिव्यांचा गॅस गळायचा तिथली झाडं अवेळी पानं टाकायची, आणि 1901 साली नेल्युबोव नावाच्या रशियन संशोधकानं दाखवून दिलं की त्या गॅसमधलं इथिलिनच हे करतं. कार्नेशन याला सगळ्यात नाजूक, थोडं इथिलिन लागलं की पाकळ्या आत वळून फूल झोपल्यासारखं मिटतं आणि परत उघडत नाही. ऑर्किडचंही तसंच. जरबेरा, ग्लॅडिओलस, शेवंतीला तेवढा त्रास होत नाही. तेव्हा आंब्याच्या दिवसांत एका कोपऱ्यात आढी आणि शेजारच्या टेबलावर कार्नेशन, असं करू नका, केळ्यांचा घडसुद्धा लांब ठेवा. आपल्या सांगोल्याची डाळिंबं आणि द्राक्षं याबाबतीत बरीच गरीब, ती तोडल्यावर केळ्या-आंब्यासारखी पिकत नाहीत, त्यामुळं इथिलिन नगण्य.

फ्रिजबद्दल लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. फ्रिज वयाला आवरतो, तहानेला नाही, उलट आतली हवा कोरडी असते. म्हणून आधी फुलाला पोटभर पाणी पाजा आणि मग ठेवा, आणि फळांच्या फ्रिजमधे तर नकोच. ऑर्किड, अँथुरियमला फ्रिजची थंडी बाधते, काळे डाग पडतात.

साखर कधी मग? कळ्या उमलायच्या असतील तेव्हा, पण एकटी नाही. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस, आणि पाव चमचा साधं बिनवासाचं ब्लीच. साखर म्हणजे जेवण, लिंबानं पाणी आंबट झालं की ते दांड्यात नीट चढतं, ब्लीच बॅक्टेरिया मारतं. आधी लिंबू पाण्यात हलवून घ्या आणि मगच ब्लीच टाका, रस आणि ब्लीच सरळ एकमेकांत ओतलं तर विषारी वायू निघतो. ॲस्पिरिन जे थोडंफार करते ते लिंबू स्वस्तात करतं. पैशाचं म्हणाल तर तांब्याच्या नाण्याची गोष्ट जुनी झाली, हल्लीचं एक-दोन रुपयाचं नाणं स्टीलचं असतं, ते टाकून फुलदाणी जड होईल फक्त.

मधल्या मारुतीकडच्या बाजारातनं पूजेला आणलेली सुटी शेवंती, मोगरा, झेंडू यांना यातलं काहीच लावू नका. त्यांना दांडाच नाही, प्यायचं कुठनं? वाटीत पाणी घालून ठेवली की काळी पडतात. ओलसर पिळलेल्या कापडात सैल गुंडाळून, डब्यात, फ्रिजमधे, एवढंच.

गुलछडीच्या दांड्यावर मात्र तहान आणि वय दोन्ही एकदम दिसतात. फुलं खालनं वर उमलत जातात, तेव्हा खालची म्हातारी होतात तेव्हा वरच्या कळ्या अजून हिरव्या असतात. खालची तपकिरी फुलं रोज खुडून टाका, एक दिवसाआड दांडा अर्धा इंच कापा, साखर-लिंबाचं पाणी ताजं करा. एवढं करून पण शेंड्याच्या शेवटच्या दोन-चार कळ्या बहुतेक उमलत नाहीत, त्या पहिल्या दिवशीच मोडून टाकल्या तरी चालतं.