‘योगा जॉइन केलाय’

जानेवारी उजाडला की कुणी ना कुणी सांगतंच, ‘मी योगा जॉइन केलाय.’ या वाक्यात एकच धातू दोनदा आलाय. ‘योग’ झाला ‘युज्’पासून, म्हणजे जोडणे, जुंपणे. ‘जॉइन’ फ्रेंचमार्गे आलं लॅटिन ‘युंगेरे’वरून. त्याचाही अर्थ जोडणे, जुंपणे.

हा योगायोग नाही. संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स हा ब्रिटिश न्यायाधीश 1786 मध्ये कलकत्त्यात म्हणाला होता. त्याचा पुरावा इथे एका ‘न’मध्ये सापडतो. संस्कृतात जू म्हणजे ‘युग’, त्यात अनुनासिक नाही. पण ‘ते जुंपतात’ म्हणायचं झालं की ‘युञ्जन्ति’. मध्येच ‘ञ्’ घुसतो. लॅटिनमध्ये जू ‘युगुम’ आणि ते जुंपतात ‘युंगुन्त’. शब्द योगायोगाने सारखे निघतील एकवेळ, पण व्याकरणाची अशी खोड दोघांनाही एकाच ठिकाणी कशी लागेल? ‘जॉइन’मधला ‘न’ त्याच खोडीचा उरलेला भाग.

मग ‘य’चा ‘ज’ कुठे झाला? फ्रान्सच्या वाटेवर. आणि गंमत म्हणजे, तिकडचा वारा न लागताही आपल्याकडे प्राकृतात तेच घडलं. यात्रेची जत्रा झाली, यव म्हणजे सातूचा जव झाला, आणि ‘युग’चं झालं ‘जू’. बैलांच्या मानेवरचं लाकूड, दोन्ही बाजूंना शिवळा म्हणजे खुंट्या, गळ्याखालून बांधलेलं जोतं. हे ‘जोतं’सुद्धा संस्कृत ‘योक्त्र’चं, म्हणजे त्याच घराण्यातलं.

इंग्रजीकडे घरचा शब्दही होताच: ‘योक’, म्हणजे जू. त्यात ‘य’ शाबूत राहिला, पण ‘ग’चा ‘क’ झाला. जर्मानिक भाषांमधल्या, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यातल्या, अशा बदलांचा नियम याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरला तो हाच. म्हणजे ‘योक’ वारशाने मिळालेला आणि ‘जॉइन’ 1066 नंतर इंग्लंडवर आलेल्या नॉर्मन राजवटीच्या फ्रेंचमधून उसना आलेला. दोघे सख्खे चुलत भाऊ, पण ओळख पटणार नाही असे.

तिसरा भाऊ जरा क्रूर आहे. इ.स.पू. 321 मध्ये इटलीतल्या एका खिंडीत तिथल्याच सॅम्नाइट लोकांनी रोमन सैन्याला कोंडलं. दोन भाले उभे रोवले, तिसरा आडवा बांधला आणि त्या जुवाखालून सगळ्यांना वाकून जायला लावलं. ‘सब्जुगेट’ या शब्दात शब्दशः तेच आहे: जुवाखाली आणणे.