गाजराचा पाला की गाजरगवत?

परवा भाच्याला माझ्या सशांसाठी बोरिवलीच्या बाजारातून गाजराचा पाला आणायला पाठवलं. थंडीत लाल गाजरं यायला लागली की भाजीवाल्या मावश्या पाला मुरगळून बाजूला टाकतात, मागितला तर गोणीभर फुकट मिळतो. पोरगं लाँचने खाडी ओलांडून गोराईला परत आलं आणि म्हणालं, "मामा, बाजारात नव्हता. पण इकडे त्या रिकाम्या प्लॉटवर ढीगभर उगवलाय, तोच कापून आणला. गाजराचाच आहे ना?"

गोणी उलटी केली. वरवर पाहता गाजराचाच वाटावा, तसाच चिरलेला, झालरीसारखा पाला. होतं मात्र गाजरगवत.

पोराला काय बोलणार? नावच असं ठेवलंय की ससे पाळणाऱ्याने फसावं. गाजरगवताला गाजर येत नाही आणि ते गवतही नाही. पानं गाजरासारखी म्हणून हे नाव. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. पुण्यातल्या त्याच्या नोंदीवरचा लेख १९५६ साली आपल्या मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला होता. अमेरिकन गव्हाबरोबर आलं असं सगळे सांगतात, पण जुन्या वनस्पतीसूचींत त्याचे त्याही आधीचे उल्लेख सापडतात. कसंही आलेलं असो, आज मुंबईत रुळांच्या कडेला, बांधकामाच्या पत्र्यामागे, जिथे माती उकरली तिथे ते आहेच.

गाजर कोथिंबीर-ओव्याच्या कुळातलं, तर गाजरगवत झेंडू-सूर्यफुलाच्या. हे पाठ करायची गरज नाही, पान चुरगळलं की नाकाला कळतं. गाजराच्या पाल्याला गाजराचाच वास येतो, थोडा कोथिंबिरीकडे झुकणारा. गाजरगवताला उग्र, रानटी वास येतो. चव घेऊन बघू नका, ते कडू आहे आणि नुसतं कडूच नाही.

फुलं आली असतील तर प्रश्नच मिटला. गाजरगवतावर साबुदाण्याएवढी पांढरी, पाच कोपऱ्यांची फुलं येतात, खोड ताठ, रेघारेघांचं, आणि झाड कमरेएवढं वाढतं. गाजराला पांढरे छत्रीसारखे तुरे येतात, पण शेतकरी तोवर गाजर ठेवत नाही. खरी गफलत होते ती कोवळ्या रोपाची. तेव्हा गाजरगवत जमिनीला चिकटून चक्रासारखं पसरलेलं असतं. त्याचं पान जरा राखाडी दिसतं, हाताला मऊ लव लागते. गाजराचं पान त्याहून बारीक चिरलेलं, उजळ हिरवं, आणि लांब देठ गाजराच्या डोक्यातून एकत्र निघतात, बुडाशी रुंद होऊन. केस गाजराच्या देठालाही असतात, म्हणून नुसत्या लवेवर जाऊ नका. शंका असली तर रोप उपटा, खाली गाजर असलं तर दिसेलच. पण उपटताना हातमोजे घाला. मी दोन वर्षं उघड्या हातांनी वाडी साफ केली, काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी कोपरापर्यंत चट्टे उठले. अंगाला त्याची ओळख व्हायला वेळ लागतो, एकदा झाली की ती जन्माची.

त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. गाई-म्हशींनी ते खाल्लं तर दूध कडवट होतं, आणि जास्त पोटात गेल्यावर कातडीवर, तोंडात, आतड्यात जखमा होऊन जनावरं दगावल्याचं प्रयोगांत दिसलंय. दोन-तीन किलोच्या सशाला मी ते कशाला देईन? वर सशाला उलटी करता येत नाही. पोटात गेलं ते पुढेच जाणार.

इथे हमखास कुणीतरी सांगतं की जनावराला कळतं, विषारी असेल ते तोंड लावत नाही. रानात मोकळ्या फिरणाऱ्या जनावराचं ठीक आहे, त्याच्यापुढे वीस झाडं असतात, एकाचा घास घेऊन दुसऱ्याकडे जातं. आमची न्यूझीलंड व्हाइट जातीची सशीण पिंजऱ्यात असते. तिच्यापुढे मी टाकीन तेच रान. भुकेली असेल आणि गवताच्या पेंडीत गाजरगवताच्या चार काड्या मिसळल्या असतील तर ती निवडत बसेलच असं नाही. म्हणून तयार खाद्याची विकतची गोळी बंद करून नुसत्या पाल्यावर मटणाचे ससे वाढवायचे असतील, तर पेंडी सोडून हाताने निवडणं हे रोजचं काम समजायचं. कंटाळवाणं आहे, मान्य.

गाजराचा पाला सशाला चांगला, पण त्यावरच ठेवू नका. माझ्याकडे मोठ्या सशाला रोज एक मूठ पाला, बाकी हरळी, पॅरा गवत, शेवगा, जास्वंद, रताळ्याचा वेल. मुख्य भर गवताचाच हवा. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला चोथा लागतो आणि आतडीही त्याच्यावरच चालतात. गोड गाजर दिलंच तर नखाएवढा तुकडा. बाजारचा पाला दोन पाण्यांतून धुवायचा, कारण फवारणी पानांवरच बसते, आणि सावलीत पातळ पसरायचा. गोणीत दाबून रात्रभर ठेवला तर सकाळी हात घातल्यावर आत गरम लागतो. असा आंबलेला पाला खाल्ला की ससा फुगतो, आणि सकाळी पोट फुगलेला ससा संध्याकाळपर्यंत जगेलच असं नाही. नवीन पाला सुरू करायचा तोही आठवडाभर थोडाथोडा वाढवत. गोळीच्या मानाने ससे सावकाश वजन घेतात, तेवढी घाई नसेल तरच या वाटेला यावं.

भाच्याने आणलेला ढीग जाळावा की पुरावा यावर घरात वाद झाला. फुलं फार थोडी होती, ती खुडून प्लास्टिकच्या पिशवीत बांधली, बाकीचा ढीग खड्ड्यात टाकून वर माती लोटली. गोणी धुऊन दोन दिवस उन्हात झटकली, कारण विणीत बी अडकतं. भाचा आता बाजारात उभ्या उभ्या पान चुरगळून हुंगतो, आणि मावश्या त्याला हसतात.