डब्यातला हिरवा आणि लेथवरचा हिरवा

आमचं वर्कशॉप आर्वी तालुक्यात, डांबरी रस्त्याला लागून आहे. पत्र्याची शेड, समोर कडुनिंब, मागे कपाशी. जिनिंगच्या हंगामात रोलर आणि शाफ्ट, उन्हाळ्यात पाण्याच्या पंपांची कामं, पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या पिना आणि बुश. हे सगळं चाळीस वर्षांहून जुन्या एका लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर चालतं. मागच्या वर्षी त्याच्या गिअरवरचं बिडाचं झाकण पडून तडकलं. नवं झाकण ओतून आणलं आणि जुन्याचा एक तुकडा खिशात घालून मी तालुक्याच्या गावी रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन-तीन डब्यांतून रंग काढून मिसळला आणि ट्यूबलाइटखाली तुकड्यावर एक टिपका लावला. टिपका कुठे संपतो आणि जुना रंग कुठे सुरू होतो, ते कळेना. संध्याकाळी झाकण रंगवलं. सकाळी शटर वर केलं, ऊन आत आलं आणि हिरव्या लेथवर ते झाकण मोरपंखी दिसत होतं.

"रंग तं तोच हाय ना भाऊ," आमचे मिस्त्री म्हणाले, "उजेड बदलला."

मिस्त्रींनी जे एका वाक्यात सांगितलं, त्याला विज्ञानात मेटामेरिझम म्हणतात. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या असतात. वस्तूवरून परतणाऱ्या प्रकाशात शेकडो तरंगलांबींचं मिश्रण असलं, तरी मेंदूपर्यंत त्यातून तीनच आकडे पोहोचतात. ते तीन आकडे सारखे आले की आपण म्हणतो, रंग सारखा. पण काट्यावर दोन पोती सारखी भरली म्हणजे दोन्हीत तूरच आहे असं होत नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटच्या प्रकाशात पाऱ्याच्या ठरावीक तरंगलांबी उठून असतात. एलईडीत निळा जोरदार असतो आणि गडद लाल कमी. सूर्यप्रकाशात सगळंच भरपूर. दोन रंगांची रंगद्रव्यं वेगळी असतील तर एका उजेडात जुळलेले तीन आकडे दुसऱ्या उजेडात फिसकटतात. म्हणून रंग उद्योगात डी-६५ नावाचा प्रमाण दिवसप्रकाश ठरवलेला आहे, सुमारे ६५०० केल्व्हिनचा, आणि त्यात जुळलेला रंग पिवळ्या दिव्याखालीही तपासतात.

रंगद्रव्यं वेगळी का होती, हा इथला खरा प्रश्न. जुन्या मशीनवरचा हिरवा बऱ्याचदा एकाच हिरव्या पदार्थाचा नसे. तो दोन भुकट्यांचा संसार असे: पिवळा लेड क्रोमेट आणि प्रशियन निळा. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला, तोच. आजच्या डब्यात मात्र थॅलोसायनिन जातीचा निळा किंवा हिरवा असतो, तो १९३५ नंतर बाजारात आला. त्याच्या जोडीला लोखंडाच्या ऑक्साइडचा पिवळा किंवा सेंद्रिय पिवळा, पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड आणि थोडा काळा. दोन्ही हिरवेच, पण प्रकाशाचा कुठला भाग गिळायचा आणि कुठला परत करायचा याच्या दोघांच्या सवयी निराळ्या.

आमचा हिरवा जुन्या घराण्यातला आहे, हे मला माझ्याच चुकीतून कळलं. तेलाचा थर निघावा म्हणून मी एका बाजूला गरम पाण्यात कॉस्टिक सोडा कालवून लावला. पाच मिनिटांत हिरवा रंग मातकट पिवळा झाला. प्रशियन निळा अल्कलीत तग धरत नाही, त्याचं लोखंडाच्या तपकिरी हायड्रॉक्साइडमध्ये रूपांतर होतं. निळा मेला की हिरव्यातून पिवळाच उरतो. कूलंटच्या, म्हणजे धातू कापताना गार राहावा म्हणून सोडायच्या पाण्याच्या, ट्रेच्या कडेचे पिवळट डाग मी वर्षानुवर्षं पाहत होतो आणि त्यांना तेलाचे डाग समजत होतो. दुधासारखं दिसणारं ते कूलंट साधारण ९ पीएचच्या आसपास, म्हणजे सौम्य अल्कलीच असतं.

अल्कली नुसत्या निळ्यावर थांबत नाही. साधा ऑइल पेंट म्हणजे अल्किड इनॅमल. त्याची साखळी ग्लिसरीनसारखी अल्कोहोलं आणि आम्लं यांच्या एस्टर बंधांनी बांधलेली असते. अल्कली ते बंध तोडून त्यांचा साबण करते, घरी तेल आणि कॉस्टिक घालून साबण करतात ना, तसाच. म्हणून ट्रेजवळचा रंग आधी मऊ पडतो, मग नखानं सोलता येतो. त्या जागेवर कितीही वेळा ऑइल पेंट मारला तरी दोन वर्षांत तीच गत. तिथे हार्डनर मिसळायचा टू-पॅक इपॉक्सी लावावा, एवढं मी ठामपणे सांगेन.

लेड क्रोमेट म्हणजे शिसं आणि क्रोमियम दोन्ही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, ठेवणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या मशीनला तो ठाऊक नाही. असा जुना रंग कोरड्या पॉलिश पेपरनं घासू नये आणि गॅसच्या ज्योतीनं जाळू तर अजिबात नये. वॉटर पेपर घ्यावा, पाणी मारत घासावं, चिखलासारखा निघणारा गाळ कागदावर गोळा करावा, कोरडा झाडू मारू नये. आमच्याकडे आणखी एक गोष्ट सांगावीच लागते. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. घासता घासता हात खिशात जातो, पन्नी सोडून खर्रा तोंडात जातो आणि बोटांवरचं शिसं त्याच्यासोबत पोटात. साबणानं हात धुतल्याशिवाय पन्नीला हात लावायचा नाही, हा नियम आम्ही पोरांसाठी केला आणि मिस्त्रींनीही पाळला. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकायचे नाहीत, हेही त्यातच आलं.

आता जुळवायचं कशाशी? मशीनकडे नीट पाहिलं तर एका लेथवर चार हिरवे निघाले. दाराकडच्या बाजूचा रंग फिका, बोट फिरवलं तर पांढरट भुकटी लागते. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगातलं बांधणारं द्रव्य झिजतं, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड स्वतः मदत करतो आणि रंगद्रव्याचे कण उघडे पडतात. त्या जागेवर तेलाचं फडकं फिरवलं की रंग क्षणात गडद होतो. खडबडीत पृष्ठभागावर विखुरणारा प्रकाश तेलानं थांबतो म्हणून. तेल लावलेला भाग नमुना धरला की फसगत ठरलेली. दुसरा हिरवा ट्रेजवळचा, त्याची कथा वर आलीच. तिसरा हेडस्टॉकच्या, म्हणजे काम फिरवणाऱ्या डाव्या भागाच्या, मागचा, तेलाच्या वाफांनी तपकिरी झालेला.

चौथा नावाच्या पितळी पट्टीखाली होता. पट्टीचे चारही स्क्रू काढले तर खाली हाताच्या पंज्याएवढी जागा गुळगुळीत, चकचकीत, जणू कालच रंगवलेली. मला वाटलं, मूळ रंग मिळाला. पण तोही थोडा पिवळट होता, आणि कारण आमच्या शेतातच आहे. अशा इनॅमलमध्ये जवसाचं तेल पुष्कळदा असतं. आपण ज्या जवसाची चटणी करतो, तेच. जवसाच्या तेलातलं अर्ध्याच्या आसपास तेल लिनोलेनिक आम्लाचं असतं, त्यात दुहेरी बंध भरपूर, म्हणून ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट जाळं विणतं. रंग ‘वाळतो’ म्हणतो तेव्हा पाणी वाळल्यासारखं काही उडून जातं एवढंच नसतं, तेल हवा खाऊन घट्ट होत असतं. (त्याच कारणानं तेलरंगाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. ही क्रिया उष्णता सोडते आणि ढिगातली चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवावी.) हेच जवसाचं तेल अंधारात राहिलं की पिवळं पडतं आणि उजेडात ते पिवळेपण बरंचसं उतरतं. म्हणून आम्ही पट्टी बाजूला ठेवली आणि ती जागा आरशानं उन्हाचा कवडसा पाडून आठवडाभर रोज थोडी उजळवली. पिवळट झाक कमी झाली. मग तिला नमुना मानलं.

शेड कार्ड उपयोगी नाही असं मी म्हणत नाही. जर्मनीत १९२७ साली चाळीस रंगांनी सुरू झालेल्या आरएएल या रंगांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत ६०११ क्रमांकाचा रेसेडा हिरवा मशीनवर फार दिसतो, आपल्याकडे आयएस ५ या भारतीय मानकाचे क्रमांक आहेत. पण कार्डावर रंग जन्माच्या दिवशीचा असतो. आम्ही क्रमांकाच्या रंगापासून सुरुवात केली आणि त्यात थेंबाथेंबानं काळा आणि पिवळा ऑक्साइड घालत गेलो. सकाळी दहानंतर, शेडच्या उत्तरेकडे, सावलीत. आधी कडुनिंबाखाली उभे राहिलो होतो, तिथे पानांवरून येणारा उजेडच हिरवा, म्हणून जागा बदलली. करड्या पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून त्यातून दोन्ही रंग पाहिले, म्हणजे शेजारी लावलेल्या लाल ऑक्साइडच्या अस्तरानं डोळा फसत नाही.

एक चाचणी तर प्रत्येकानं करावी. पत्र्याच्या तुकड्यावर रंग लावा, दोन-चार मिनिटांनी अर्धवट ओला असताना एका जागी बोटानं हलकेच चोळा. चोळलेली जागा वेगळ्या छटेची दिसली तर रंगद्रव्यं आत एकमेकांपासून फुटत आहेत. थिनर उडताना ओल्या थरात सूक्ष्म भोवरे चालतात, त्यांत काळ्या-निळ्याचे बारीक कण वर येतात आणि पांढऱ्याचे मोठे कण मागे राहतात. असा रंग ब्रशनं एक दिसतो आणि स्प्रे गननं दुसराच. आमच्या पहिल्या मिश्रणात ही जागा पांढरट निघाली होती, तेव्हा जास्त घोटून, थिनर कमी करून पुन्हा पाहिलं. आणि छटा ठरवायची ती चोवीस तासांनी, इनॅमल वाळल्यावर सहसा गडदच होतो.

रंगाआधीची सफाई सगळ्यांत कंटाळवाणी आणि सगळ्यांत मोलाची. बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांत असतो आणि ओतकामाची बारीक छिद्रंही असतात, तिथे तेल मुरतं. तेल राहिलं की रंग तिथून मागे सरकतो आणि गोल डबकी पडतात. थिनरनं दोनदा पुसल्यावर आम्ही पाण्याची धार सोडून पाहिली. पाणी चादरीसारखं पसरलं तर जागा स्वच्छ, थेंब होऊन फुटलं तर परत थिनर. नंतर लगेच कोरडं करायचं, बिडाला गंज चढायला पाऊण तासही लागत नाही.

मास्किंग टेप मात्र हात आखडता न घेता लावावा. बेडचे सरकमार्ग, डायलच्या खुणा, तेलाची भोकं आणि जोडाच्या बसायच्या जागा कोऱ्याच राहिल्या पाहिजेत. रंगाचा एक थर सुमारे ०.०३ ते ०.०४ मिमी जाड असतो, आणि लेथचं संरेखन, म्हणजे भाग एका रेषेत आहेत का, ते ०.०२ मिमीच्या हिशेबात तपासतात. हेडस्टॉकखाली रंग गेला तर मशीन देखणं होईल आणि शाफ्ट निमुळता निघेल.

मोसमाचाही विचार करावाच लागतो. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली गनमधून निघालेला थेंब मशीनवर पोहोचेपर्यंतच अर्धा सुकतो, पसरत नाही आणि सगळ्या अंगावर वरुड-मोर्शीच्या संत्र्याची साल उमटते. जुलैत दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि पांढरट ढग येतो. आम्ही फेब्रुवारी धरला, जमिनीवर पाणी शिंपडलं आणि शेजारच्या जिनिंगची उडणारी रुई दुपारी वाढते म्हणून सकाळीच काम उरकलं. ट्रेचा टू-पॅक ब्रशनंच लावला. ज्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते पॉलियुरेथेन नुसता रुमाल बांधून गननं मारणं फुप्फुसांना महागात पडतं.

सगळं लेथ मात्र रंगवलं नाही. झाकण आणि त्याला लागून असलेली गिअरबॉक्सची बाजू जोडाच्या रेषेपर्यंत रंगवली. सपाट जागेच्या मधोमध ठिगळ मारलं तर किंचित फरकही डोळ्याला टोचतो, जोडाच्या सावलीशी थांबलं तर तोच फरक लपतो.

झाकण बसवण्याआधी मिस्त्रींनी ते उलटं केलं आणि आतल्या बाजूला खिळ्यानं अक्षरं कोरली: कुठला क्रमांक, किती चमचे काळा, किती पिवळा, फेब्रुवारी, सकाळ. मग चारही बोल्ट आवळले.