344 माणसं आणि नऊ टनाचा गोठा

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ब्रुनो म्हणून एक छोटंसं गाव आहे. तिथल्या हर्मन ऑस्ट्री या शेतकऱ्याच्या बार्नमध्ये 1988 साली ओढ्याचं पाणी शिरलं, ते पण चांगलं 29 इंच. बार्न म्हणजे तिकडचा मोठा लाकडी गोठा, खाली जनावरं आणि वर चारा. आता हा उचलून चढावर न्यायचा कसा, तर ऑस्ट्री घरात गमतीत बोलून गेला की माणसं भरपूर मिळाली तर हातानेच नेता येईल की! मुलाने ते सिरियसली घेतलं आणि कागद-पेन्सिल घेऊन हिशोबालाच बसला. शेवटी 30 जुलैला 344 जणांनी तो बार्न खरंच उचलला, 115 फूट चालत नेला, पहिल्या जागेपेक्षा 6 फूट उंचावर ठेवला, आणि हे सगळं साधारण तीन मिनिटांत. बघायला चार हजाराच्या आसपास पब्लिक होतं म्हणे.

हिशोब साधाच आहे. बार्न आणि त्याला जोडलेलं लोखंड मिळून वजन नऊ टनाच्या आसपास, भागिले 344, म्हणजे माणशी 26 किलो. एनर्जीचं गणित तर अजून मजेशीर आहे. नऊ टन 6 फूट वर चढवायला लागणारं काम निघतं 39 किलोकॅलरी, म्हणजे अर्धी पोळीसुद्धा नाही! स्नायू खाल्लेल्यातलं बरंचसं उष्णतेत घालवतात ते धरलं तरी दोन पोळ्यांत भागतं. आणि माणशी 70-75 किलो धरले तर त्या लोकांचं स्वतःचंच वजन 25 टन होतं, म्हणजे बार्नच्या जवळजवळ तिप्पट वजन तर ते स्वतःचंच चढावर घेऊन गेले.

मग अडचण ताकदीची नाहीच, अडचण आहे हात लावायचा कुठे याची. भिंतीची खालची फळी धरून 344 जण कसे उभे राहणार, आणि राहिले तरी फळी उखडून हातात येईल. म्हणून मुलाने लोखंडी पाइपची जाळी बनवली आणि ती भिंतीला आतून पण जोडली आणि बाहेरून पण, त्यामुळे माणसं बार्नच्या आत सुद्धा उभी होती आणि प्रत्येकाला धरायला पाइप होता. माझ्या मते खरी अक्कल या जाळीत आहे, बाकी मग गर्दी जमवणं.

जाळीचं दुसरं काम म्हणजे आकार धरून ठेवणं. काडेपेटीचं बाहेरचं कव्हर बोटाने बाजूने दाबा, लगेच तिरकं होऊन चपटं होतं. जुन्या लाकडी सांगाड्याचं तेच होतं, चौकोनाचा समांतरभुज व्हायला फार जोर लागत नाही, त्यात खिळे गंजलेले आणि सांधे ढिले. त्रिकोण मात्र बाजूंची लांबी बदलल्याशिवाय वाकत नाही, म्हणून हलवायच्या आधी प्रत्येक भिंतीला कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरप्या पट्ट्या ठोकायच्या. हे न करता ओढायला गेलं तर बार्न नव्या जागी पोचतो, पण फक्त लाकूड म्हणून.

अजून एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. चार कोपऱ्यांना चार जॅक लावले आणि एक जरा जास्त वर गेला की वजन दोन-तीन जॅकवरच येतं आणि इमारत पिळवटते. माणसाच्या हाताचं तसं होत नाही, हात थोडा खाली-वर झाला तरी जमेल तेवढा जोर लावतच राहतो, आणि एखादा दमला तर त्याचा भार शेजारच्यांवर थोडा थोडा वाटला जातो. 1999 मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरचं केप हॅटेरसचं विटांचं दीपगृह 2,900 फूट सरकवलं तेव्हा इंजिनियरांनी मुद्दाम हेच साधलं, हायड्रॉलिक जॅक तीन गटांत जोडले आणि एका गटात सगळीकडे प्रेशर सारखं ठेवलं, कारण तीन पायांचं टेबल कधी डुगडुगत नाही.

एवढी माणसं नसतील तर? तर वेळ द्यायचा. आधी चारा, कौलं, पत्रे, जे निघेल ते सगळं काढून वजन कमी करायचं. मग एका कोपऱ्याला जॅक लावून इंच-दोन इंच वर, खाली ठोकळे आडवे-उभे रचायचे, मग पुढचा कोपरा. घाई करून एकच कोपरा फूटभर उचलला की वरचे सांधे करकरायला लागतात. आपल्याकडे रस्ता वर आणि घर खाली गेलं की जॅकवर घर उचलतात तेही असंच हळूहळू. लाकूड ताण बऱ्यापैकी सहन करतं म्हणून त्याला चूक थोडीफार चालते, विटा-मातीच्या भिंतीला मात्र ताण अजिबात चालत नाही, लगेच तडा.

पुढे खाली फळ्या, त्यावर लोखंडी पाइप, आणि ढकलायचं. घासत ओढण्यापेक्षा लोळवायला जोर कितीतरी कमी लागतो, एखाद्या ट्रॅक्टरचं काम. वारा असेल तर त्या दिवशी हातच लावू नका, पायापासून सुटलेला बार्न म्हणजे मोठं शीडच, त्याला धरून ठेवायला खाली काही नसतं. आणि रस्ता जरा जरी उताराचा असेल तर ओढायच्या दोराआधी मागून रोखून धरणारी साखळी लावा, कारण पाइपवर चढलेले आठ टन एकदा घरंगळायला लागले की समोर उभं राहून कोणाला थांबवता येत नाहीत.