‘बॉर्डरवरची शुगर’: ही सीमा आली कुठून?

२०२३ साली देशव्यापी पाहणीचे आकडे आले आणि गोवा पहिल्या क्रमांकावर निघाला. वीस वर्षांवरच्या लोकसंख्येत मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, तर देशाची सरासरी ११.४. तेव्हापासून म्हापशाच्या बाजारात काय आणि फोंड्याच्या बसस्टँडवर काय, ‘माझी बॉर्डरवर आहे’ हे वाक्य वरचेवर कानावर पडतं. ही बॉर्डर शरीरात मात्र कुठेच नाही. ती कागदावर आखलेली आहे, आणि ती आखण्यावरून तज्ज्ञांमध्ये बरंच वाजलंही आहे.

लघवीला मुंग्या लागतात हे आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी लिहून ठेवलं होतं. १८८९ साली स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह झाला आणि दोष कुठे ते समजलं. १९२१ मध्ये इन्सुलिन हाती आलं. नंतर बराच काळ समज असा होता की मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा तुटवडा. रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत १९६०च्या सुमारास निघाली आणि या समजाला तडा गेला. उतारवयातल्या कित्येक मधुमेहींच्या रक्तात इन्सुलिन भरपूर सापडलं. ते होतं, पण यकृत आणि स्नायू त्याला दाद देत नव्हते.

अशा वेळी स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, जास्त इन्सुलिन सोडून वेळ निभावतात. ग्लुकोज पेशीत शिरतं, जळतं, त्यातून ऊर्जा तयार होते. त्या ऊर्जेने पोटॅशियमची दारं मिटतात, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनच्या पुड्या बाहेर फुटतात. वर्षानुवर्षं असं जादा काम करून या पेशी थकतात. १९९८ साली निकाल आलेल्या मोठ्या ब्रिटिश अभ्यासाचं गणित असं की, निदानाच्या दिवशीच त्यांची जवळपास निम्मी ताकद गेलेली असते. म्हणजे आजार रिपोर्टच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

घोळ रेषेवरून झाला. १९७९ पासून उपाशीपोटी रक्तातली साखर १४० (शंभर मिलिलिटरमागे मिलिग्रॅम) म्हणजे मधुमेह असं ठरलं होतं. १९९७ मध्ये अमेरिकी तज्ज्ञ समितीने ते १२६ वर आणलं. डोळ्याच्या पडद्याची हानी साधारण कुठून वाढू लागते, हा त्यामागचा एक मोठा आधार होता. जागतिक पातळीवरही ते मान्य झालं. त्याच वेळी ११० ते १२५ अशी मधली पायरी आखली गेली. २००३ मध्ये अमेरिकी मंडळींनी तिचं खालचं टोक १०० वर ओढलं, कारण पुढे मधुमेह कुणाला होईल हे त्या आकड्यावरून जास्त नेमकं ओळखता येतं. जागतिक आरोग्य संघटना मात्र २००६ मध्येही ११० वर ठाम राहिली. १०० धरलं तर एका रात्रीत कोट्यवधी धडधाकट माणसांवर शिक्का बसेल आणि त्यातून त्यांचा फायदा किती होईल ते सिद्ध नाही, असा आक्षेप होता. वाद अजून मिटलेला नाही.

डिचोलीच्या आमच्या मामांची उपाशीपोटी शुगर १०४ आली. एका लॅबच्या कागदावर तिच्यापुढे लाल खूण होती, दुसऱ्या लॅबच्या कागदावर काहीच नाही. मामांनी दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि विचारलं, ‘मग मी पेशंट की नाही?’ वजन अठ्ठावन्न किलो, पोट बेताचं. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी पुन्हा तपासलं तेव्हा १६८ निघाली. ही शुगर १४० च्या खाली असायला हवी.

माझ्या मते १०० आणि ११०च्या भांडणाला आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त महत्त्व मिळालं. पहाटेची शुगर मुख्यतः यकृताची असते: रात्रभर आपण निजलेलो असतो आणि ते ग्लुकोज बनवून रक्तात सोडत असतं. जेवणानंतरची साखर उचलायचं मोठं काम स्नायूंचं. आशियातल्या पुष्कळ लोकांची उपाशी शुगर ठीक असते आणि बिघाड दिसतो तो दोन तासांनंतर. सकाळी सहाला उपाशीपोटी रांगेत उभं राहून घेतलेला रिपोर्ट भाताची पेज जेवल्यानंतरची गोष्ट सांगत नाही.

मामांसारख्या सडपातळ माणसाला हे व्हावंच का, याचा एक धागा पुण्याकडे जातो. तिथल्या आसपासच्या खेड्यांत जन्मलेली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास. पण स्नायू कमी पडले तरी त्वचेखालची चरबी त्यांनी त्यामानाने राखली होती. पुढे २००४ मध्ये एका पुणेकर आणि एका लंडनकर डॉक्टरांनी स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी मात्र लंडनकराची ९.१ टक्के आणि पुणेकराची २१.२. साठवायला जागा अपुरी पडली की चरबी यकृतात आणि स्नायूंत शिरते, आणि तिथेच इन्सुलिनचा निरोप अडतो.

त्यात आता तिसरी रेषा आली आहे, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, म्हणजे एचबीए१सी चाचणीची. ६.५ टक्क्यांना मधुमेह, यावर एकमत आहे. त्याखाली अमेरिकी कोष्टक ५.७ पासून ‘मधुमेहपूर्व’ म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ६.५ स्वीकारलं, पण खालची पायरी आखलीच नाही. शिवाय लोहाची कमतरता असेल तर हा आकडा उगाच फुगतो. मामांचा ५.९ आलाय, हिमोग्लोबिन अजून तपासायचं आहे.